स्कूटी नको म्हणालो, पण सायकलवर तरी कसं पाठवू?

गेल्या आठवड्यात आमच्या घरी तीन दिवस अबोला होता. कारण विजेची स्कूटी.

थोरली लेक नववीत गेली. घर एन-७ मध्ये, ट्यूशन एन-४ मध्ये. अंतर जेमतेम तीन किलोमीटर. तिच्या बॅचमधल्या निम्म्याहून जास्त पोरींकडे ती बिनानंबरची, बॅटरीवर चालणारी छोटी गाडी आहे. लायसन नाही, पासिंग नाही, पेट्रोल नाही. किंमत पंचावन्न हजारांच्या आसपास, तीही हप्त्यावर. आणि वरून, "पप्पा, प्रदूषण पण होत नाही." हा तिचा हुकमी एक्का.

मी म्हणालो, सायकल आहे ना! जिन्याखाली उभी आहे, सहावीत असताना घेतलेली. सीट वर केलं की अजून चालते.

ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं, सायकलवर जालना रोड ओलांडायचा नाही."

खरंय. मीच सांगितलं होतं. म्हणूनच ती सायकल दोन वर्षं जिन्याखाली उभी आहे, दोन्ही चाकांत हवा नाही, आणि कॅरिअरवर आम्ही कांद्याची गोणी ठेवतो.

आता या पोस्टवर "सायकल चालवा, निरोगी राहा" असलं काही मी लिहिणार नाही. तेवढी लायकी नाही माझी. माझ्या घरापासून दूध डेअरी चारशे पावलांवर आहे आणि रोज सकाळी मी ॲक्टिव्हा काढतो. गाडी बाहेर काढायला, वळवायला आणि परत लावायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात चालत जाऊन येणं होतं. तरी काढतो. तेव्हा उपदेश नाही. पण स्कूटीच्या निमित्ताने जे बघितलं, मोजलं, ते सांगतो.

आधी शोरूमची गोष्ट. नाव सांगत नाही, कारण एकाच दुकानात असं होतं असं नाही. गाडी दाखवणारा पोरगा मोठा गोड बोलत होता. मी विचारलं, पळते किती? म्हणाला, "कागदावर पंचवीस. पण काका, एक वायर काढली की चाळीस-पंचेचाळीस आरामात." लेकीसमोर म्हणाला.

कायदा काय म्हणतो ते मी घरी येऊन वाचलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत बॅटरीच्या गाडीला 'मोटार वाहन' न मानण्यासाठी अटी आहेत. मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, आणि बॅटरी सोडून गाडीचं वजन ६० किलोपेक्षा जास्त नको. या अटींत बसली तरच लायसन-पासिंगची सूट. ती वायर काढली की सूट संपली. मग ती गाडी सरळ मोटार वाहन होते, बिनानंबरची, बिनाविम्याची, आणि चालवणारं लेकरू चौदा वर्षांचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रकरणात पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मे २०२२ मध्ये आपल्या राज्याच्या परिवहन खात्याने अशा बदल केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीमही काढली होती. ज्यांच्या घरात अशी गाडी आहे त्यांनी आज संध्याकाळी एकदा मोकळ्या रस्त्यावर वेग बघून घ्या. मी भांडायला नाही सांगत, बघायला सांगतोय.

पण कायदा हा माझा मुख्य मुद्दा नाही. मुद्दा तिच्या हुकमी एक्क्याचा आहे. प्रदूषण होत नाही, पेट्रोल वाचतं. कुणाचं पेट्रोल वाचतं?

माझा मामेभाऊ बजाजनगरला असतो, पण नोकरी शेंद्र्याला. रोज शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याने विजेची मोठी स्कूटर घेतली, नंबर प्लेटवाली. पेट्रोलला किलोमीटरमागे दोन-सव्वादोन रुपये जायचे, आता विजेला पंचवीस-तीस पैसे. त्याचं पेट्रोल खरंच वाचलं. त्याला मी हात जोडतो. एवढं अंतर सायकल मार असं उन्हाळ्यात बेचाळीस अंशांत कुणाला सांगणं म्हणजे आगाऊपणा आहे. आणि हे शहर दुचाकीला नावं ठेवू शकत नाही. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि अर्ध्या मराठवाड्याच्या पोरांना इथे काम मिळालं. दुचाकी बनवून आपण पोट भरलंय.

माझ्या लेकीचं तसं नाही. ती पेट्रोलची गाडी सोडून विजेवर येत नाहीये. ती सायकल सोडून विजेवर येतेय. म्हणजे पेट्रोल वाचलं शून्य, आणि जिथे काहीच लागत नव्हतं तिथे वीज लागायला लागली. पंचेचाळीस किलोच्या पोरीला तीन किलोमीटर हलवायला सत्तर किलोची गाडी. सायकलचं वजन पंधरा. बरं ही वीज येते कुठून? महाराष्ट्राची बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. आपल्या परळीचंच बघा. २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून तिथलं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. वीज म्हणजे कोळसा आणि वीज म्हणजे पाणी, हे मराठवाड्याच्या माणसाला शिकवायला नको.

आमच्या गल्लीतल्या या छोट्या गाड्या मी मोजल्या. अकरा. त्यातल्या आठ घरांत आधी लेकरासाठी सायकल होती. दोन घरांत आजी-आजोबांसाठी घेतलीय, देवळात जायला. एकाच घरात पेट्रोलची गाडी विकून घेतली. गल्ली म्हणजे शहर नाही, मान्य. तुमच्या गल्लीत मोजा आणि सांगा.

सरकारचा हिशोबही असाच गमतीचा. ऑगस्ट २०१९ मध्ये विजेच्या वाहनांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. साध्या सायकलीवर १२ टक्केच राहिला. तो ५ वर आला थेट सप्टेंबर २०२५ मध्ये. म्हणजे सहा वर्षं पन्नास लाखांची विजेची मोटार घेणारा ५ टक्के भरत होता आणि कंपनीत जायला सहा हजारांची सायकल घेणारा कामगार १२ टक्के. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात खरेदीवर सूट आहे, काही महामार्गांवर विजेच्या मोटारींना टोलमाफी आहे. असू द्या. पण ही हरित वाहतूक म्हणजे नेमकं काय, असं मग विचारावंसं वाटतं. आपल्या शहराला तर एकगठ्ठा गाड्या घ्यायची हौसच आहे. २०१० मध्ये दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्याची बातमी देशभर गाजली होती. नंतर विजेच्या मोटारीही उद्योजकांनी मिळून घेतल्या. दीडशे सायकली एकदम घेतल्या असत्या तर कुणी फोटो काढला असता का?

असो. अण्णांकडे येतो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, १९८३ मध्ये फुलंब्री तालुक्यातल्या आमच्या गावातून इथे आले. चिकलठाणा एमआयडीसीत नोकरी. एन-७ मधलं घर, तिथून कंपनी पाचेक किलोमीटर. अठ्ठावीस वर्षं ते ॲटलसच्या सायकलवर गेले. पहिली पाळी असली की पहाटे पावणेसहाला मागच्या कॅरिअरला डबा अडकवून निघायचे. दिव्याचा डायनॅमो टायरला घासायचा त्याचा घर्रर्र आवाज अजून माझ्या कानात आहे. (ॲटलसचा शेवटचा मोठा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. तो दिवस जागतिक सायकल दिन होता. अण्णांनी ती बातमी पेपरात वाचून पेपर खाली ठेवला आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.)

अण्णांची सायकल आरोग्यासाठी नव्हती. दुसरं काही परवडत नव्हतं म्हणून होती. माझी पहिली मोटारसायकल आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला. पेढे वाटले. हे विसरून आपण सायकलीवर लिहितो तेव्हा लबाडी होते. रविवारी सकाळी हेल्मेट घालून, चाळीस हजारांची सायकल घेऊन दौलताबादच्या घाटात जाणारे आमचे मित्र आहेत. चांगलं आहे, जावंच. पण सोमवारी त्यातले किती जण सायकलवर ऑफिसला जातात? आणि रांजणगाव, कमळापूर, जोगेश्वरीकडून वाळूजच्या कंपन्यांत पाळीला जाणारा कंत्राटी कामगार आजही सायकलवर दिसतो. त्याचा फोटो कुणी टाकत नाही. सायकल म्हणजे एकाची हौस आणि दुसऱ्याची गरिबी. मधल्या माणसाची ती राहिलीच नाही. लेकीच्या ट्यूशनसमोर मी उभा राहून पाहिलं. चाळीसेक स्कूट्या आणि तीन सायकली. त्या तीन सायकलवाल्यांकडे बाकीची पोरं कशी बघतात तेही पाहिलं. "सायकलवर येतो म्हणजे घरची परिस्थिती नाही." चौदाव्या वर्षी हे सहन करणं सोपं नसतं.

तर अण्णा आता अडुसष्ट वर्षांचे आहेत, उजवा गुडघा दुखतो. दीड वर्षापूर्वी बहिणीने त्यांना बॅटरीची सायकल घेऊन दिली. स्कूटी नाही, सायकल. पायडल मारलं तरच मोटर जोर देते. पाय थांबले की मोटर थांबते. पंचवीसच्या वेगाला पोचली की आपोआप बंद होते. कायद्यात या प्रकाराला वेगळी व्याख्या आहे. अण्णा त्यावर जाधववाडीच्या मोंढ्यात भाजी आणायला जातात. चढाला गुडघ्यावर जोर येत नाही, आणि घरी आले की कपाळावर थोडा घाम असतो. त्या घामाचं त्यांना फार कौतुक आहे.

आपल्याकडे दोन्हीला 'ई-बाइक'च म्हणतात, सगळा घोळ तिथे आहे. युरोपात ई-बाइक म्हटलं की बहुधा ही अण्णांची सायकल. जर्मनीत २०२३ मध्ये साध्या सायकलींपेक्षा अशा सायकली जास्त खपल्या. मोटर आहे म्हणजे व्यायाम गेला, असंही नाही. युरोपातल्या सात शहरांत दहा हजारांवर लोकांचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला. बॅटरीची सायकलवाले साध्या सायकलवाल्यांइतकेच हालचाल करत होते, कारण ते लांब लांब जात होते. आपल्याकडे ई-बाइक म्हणजे मूठ पिळली की पळणारी स्कूटी. काहींना नावापुरतं पायडल असतं, ते कुणी फिरवत नाही. तेव्हा भांडण बॅटरीशी नाही. पाय चालले पाहिजेत की नाही, एवढंच.

मग लेकीला अण्णांसारखी सायकल घेऊन दे, असं बायको म्हणाली. तोडगा बरोबर होता. पण पुन्हा तोच प्रश्न. जालना रोड.

मंगळवारी संध्याकाळी सव्वासहाला मी सिडको चौकात घड्याळ लावून उभा राहिलो. पुलाखाली. वरून पूल गेला म्हणून वरचे सुटले, खालचे तसेच आहेत. सिग्नल हिरवा झाला की सरळ जाणाऱ्यांबरोबर डावीकडे वळणारेही सुटतात, आणि ते तर लाल असतानाही थांबत नाहीत. रिक्षा कोपऱ्यावरच उभ्या. त्यामुळे सायकलवाल्याला चौकात शिरायच्या आधी दोन वेळा मध्ये यावं लागतं. अर्ध्या तासात मला सायकलवर चौक ओलांडणारे सात जण दिसले. त्यातले पाच उतरून, सायकल हातात धरून गेले. एक म्हातारे गृहस्थ पुलाच्या खांबाला टेकून दोन सिग्नल थांबले. आणि लहान मूल सायकलवर? एकही नाही. शाळा-ट्यूशन सुटायची वेळ, आणि एकही नाही.

हायकोर्टासमोर वेगळं नाही. सेव्हन हिलला तर बघायलाच नको.

आता माझी चूक मला कुठे कळली ते सांगतो. मी लेकीला म्हणालो होतो, सायकलवर ओलांडू नको. आणि मी स्कूटी घ्यायला शोरूमला गेलो होतो! म्हणजे सायकलवर जो चौक धोक्याचा, तोच चौक ती दुप्पट वेगाने, बिनालायसन, ओलांडणार, आणि मला ते चालणार होतं. का? कारण ती लवकर पार होईल, गर्दीत मिसळून जाईल, असं वाटलं. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजार माणसं मेली. त्यातली ४४ टक्क्यांवर दुचाकीस्वार होती. आकडा माझ्यासमोर होता, तरी डोळे झाकून मी हप्त्याची चौकशी करत होतो. चौक दुरुस्त होत नाही म्हणून आपण प्रत्येक जण आपापल्या लेकराला एकेक मोटर घेऊन देतोय. त्या मोटरींमुळे चौकात गर्दी आणखी वाढते, आणि उरलेले सायकलवाले आणखी घाबरतात.

कुणी म्हणेल, हॉलंडची गोष्ट वेगळी, ते जन्मापासून सायकलवाले. तसं नाही. तिथेही साठच्या दशकात मोटारींनी सायकली रस्त्यावरून हुसकावल्या होत्या. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर ३,३०० च्या आसपास माणसं मेली, त्यात ४०० च्या वर लेकरं. मग आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच होतं 'मुलांची हत्या थांबवा'. १९७३ ला तेलाचं संकट आलं, रविवारी मोटारी बंद ठेवायची वेळ आली, आणि सरकारला ऐकावं लागलं. सायकलचे रस्ते तिथून पुढे झाले. सायकल चांगली आहे असं कुणी पटवून दिलं म्हणून नाही. लेकरू शाळेतून जिवंत घरी यावं म्हणून. आणि आता त्यांनाही आपलंच दुखणं लागलंय बरं का. जाड टायरच्या, वेग वाढवलेल्या बॅटरीच्या सायकली शाळकरी पोरं पळवतात आणि पालिका हैराण झाल्यात.

आपल्याकडेही प्रयत्न झाला होता. २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, देशभर शहरांची सायकल स्पर्धा निघाली, आपली स्मार्ट सिटी त्यात उतरली. क्रांती चौक ते रेल्वे स्टेशन रस्त्यावर सायकल ट्रॅक आखला गेला. मी लेकीला घेऊन गेलो होतो, तिची तेव्हा छोटी सायकल होती. चांगलं वाटलं. पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्या पट्ट्यात गाड्या लावलेल्या. मला वाटतं, चूक रस्ता निवडण्यात होती. तो रुंद आणि देखणा रस्ता होता, फोटोला चांगला. पण लेकराला सायकल लागते ती घर ते शाळा, घर ते ट्यूशन. सिडकोचे आतले रस्ते त्यासाठी आजही बरे आहेत. झाडं आहेत, सावली आहे. एन-७ ते एन-५ मी लेकीला डोळे झाकून पाठवीन. अडतं ते शेवटच्या साठ-सत्तर मीटरवर.

त्या साठ-सत्तर मीटरला ट्रॅक नको, पूल नको, कोटी नकोत. संध्याकाळी चार ते आठ, प्रत्येक फेरीत वीस-पंचवीस सेकंद फक्त पायी आणि सायकलवाल्यांसाठी सिग्नल. त्या सेकंदांत डावीकडचं वळणही बंद. कोपऱ्यापासून थोडं अंतर रिक्षा-गाड्या उभ्या राहायला मनाई. दुभाजकात सायकल मावेल एवढी थांबायची जागा. आणि पहिले दोन महिने एक ट्रॅफिक पोलीस. एवढंच.

कमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे. "नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही आणि याला सायकलची पडलीय." पाण्याच्या मोर्चाला मीही होतो, आणि जार आणायलाही मी ॲक्टिव्हाच काढतो. एकासाठी दुसरं थांबवायचं असेल तर या शहरात काहीच मागता येणार नाही. दुसरं, "उन्हाळ्यात शक्य नाही." मार्च ते मे दुपारी नाहीच शक्य, मान्य. ट्यूशन संध्याकाळी असते. तिसरं, "रात्री कुत्री मागे लागतात." यावर माझ्याकडे उत्तर नाही. लागतात.

आणि एक गोष्ट राहिली. मानव विकास कार्यक्रमात सरकार मागास तालुक्यांतल्या गरजू मुलींना आठवी ते बारावी शाळेत जायला सायकलसाठी पैसे देतं, आता पाच हजार. आमच्या गावाकडे तशा सायकलींवरून पोरी शाळेत जाताना मी पाहतो. घोळक्याने जातात, कडेने ट्रक जातात, तरी जातात. अण्णा म्हणाले, "त्या पोरींची शाळा सायकलीमुळे टिकली, आणि तुझी पोरगी शहरात असून पाच वाजता कुणाच्या तरी गाडीची वाट बघत बसते." लेक तिथेच होती. तिला राग आला. मग म्हणाली, "मला चालेल सायकल. पण मला एकटीला जाता आलं पाहिजे. तुम्ही मागे ॲक्टिव्हावर यायचं नाही."

स्कूटीचा निर्णय सध्या दिवाळीपर्यंत पुढे ढकललाय. काल जिन्याखालून सायकल काढली. पंक्चरवाल्याकडे सायकलची ट्यूब नव्हती, तीन दुकानं फिरून टीव्ही सेंटरला मिळाली.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता अण्णा, मी आणि लेक बजरंग चौकातून एन-४ पर्यंत सायकलने जाणार आहोत. कुठे उतरावं लागतं, कुठे किती थांबावं लागतं, ते लिहून काढणार. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो, म्हणून तेच पुन्हा सोमवारी संध्याकाळी सहाला करणार. तो कागद वॉर्ड ऑफिसला आणि वाहतूक शाखेला देणार, पोच घेऊन. ज्यांची लेकरं रोज जालना रोड ओलांडून पलीकडे जातात त्यांनी खाली चौकाचं नाव आणि वेळ लिहा, म्हणजे अर्जात एकट्या सिडको चौकाचं नाव राहणार नाही. सोमवारी कुणाला सोबत यायचं असेल तर सायकलला हवा भरून या. पंप आमच्याकडे आहे.